तान्ह्या बाळाची शीर: सुई टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर

रात्री अडीच-तीनला धारकडून नाहीतर खरगोनकडून १०८ची गाडी येते. ओढणीत गुंडाळलेलं दोन किलोचं बाळ हातात घेतलं की आधी जाणवतो तो त्याचा गारठा. वॉर्मरखाली ठेवून कपडे काढले की दोन्ही हातांवर, दोन्ही पावलांवर कापसाचे बोळे चिकटवलेले दिसतात. कुणीतरी मनापासून धडपडलेलं असतं. पण त्या एकेका बोळ्याखाली एकेक शीर संपलेली असते, आणि उरलेल्यांतून आता आपल्याला शोधायची असते.

इंदुरात नवजात बाळांच्या आणि मुलांच्या अतिदक्षता विभागांत मी सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांतून नर्सिंगला आलेल्या मुली दरवर्षी भेटतात. त्यांची पुस्तकं इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं हिंदीत, आणि हात थरथरायला लागले की तोंडून निघतं ते मराठी. त्यांना उभ्या उभ्या जे सांगत आले ते इथे नीट लिहिते आहे. शिकलेल्या हातांसाठी हे आहे. औषधाचा डोस डॉक्टरांच्या आदेशानंच द्यायचा, आणि तुमच्या युनिटची लेखी पद्धत असेल तर ती आधी.

आधी बाळ, मग शीर

नव्या सिस्टरकडून हमखास होणारी चूक म्हणजे बाळ आलं की ट्रे ओढून शिरेच्या मागे लागणं. बाळ श्वास घेत नसेल तर आधी मास्क आणि ॲम्बू (हातानं दाबून हवा देणारी पिशवी). नवजात बाळाचे ठोके मंदावतात ते बहुतेक वेळा फुप्फुसांत हवा न गेल्यामुळे. छाती नीट वरखाली होऊ लागली की ठोके पुष्कळदा आपोआप वर येतात. सगळे शिरेभोवती वाकलेले आणि डोक्याशी कुणीच नाही, असं कधीही होऊ देऊ नका.

मग गारठा. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवं. गार पडलेल्या बाळाच्या हातापायांच्या शिरा आकसून दोऱ्यासारख्या होतात. जीव टांगणीला नसेल तर दहा मिनिटं वॉर्मरखाली ठेवा, टोपी-मोजे घाला, मग शोधा. मघाशी न दिसलेली शीर दिसायला लागते. ग्लोव्हमध्ये गरम पाणी भरून हाताला बांधायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती बंद करा. बाळाची कातडी त्यानं भाजते, आणि आपल्याला ते फोड आल्यावरच कळतं.

तिसरा प्रश्न असा की सुई लागणारच आहे का? जुलाबानं सुकलेलं पण शुद्धीवर असलेलं, पाणी पिणारं मूल ओआरएसवर सावरतं; पीत नसेल तर नाकातून पोटात नळी घालून देता येतं. सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही, हा घरच्यांचा समज आहे. तो आपला होऊ नये.

शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडणं, मात्र ओळखता आलाच पाहिजे. हातपाय गार, नाडी बारीक आणि जलद, आणि छातीच्या मधल्या हाडावर बोटानं पाच सेकंद दाबून सोडल्यावर कातडीचा रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की घड्याळ पाहा आणि वेळ मोठ्यानं सांगा. पुढचा प्रत्येक निर्णय त्या वेळेवरून मोजायचा आहे.

ट्रे आणि शिरेची निवड

नवजात बाळाला २४ नंबरची पिवळी कॅन्युला (सुईवर चढवलेली, शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी), फारच लहान असेल तर २६ नंबरची जांभळी. मोठ्या मुलाला २२ नंबरची निळी, शॉकमध्ये शक्य असेल तर त्याहून जाड. सलाईन भरून हवा काढलेली सिरिंज आणि एक्स्टेन्शन (जोडनळी), जंतुनाशक, पारदर्शक ड्रेसिंग, आधीच कापून ठेवलेल्या चिकटपट्ट्या, मऊ कापडात गुंडाळलेली फळी. पट्ट्या आधी कापायच्या. सुई आत गेल्यावर कात्री शोधण्यात किती शिरा गेल्या याचा हिशेब नाही.

शोध टोकाकडून सुरू करा. हाताची मागची बाजू, मग मनगटाच्या वरचा भाग, मग पावलाची वरची बाजू. घोट्याच्या आतल्या हाडाच्या किंचित पुढे एक लांब शीर जाते. ती दिसली नाही तरी तिथे असतेच, त्यामुळे सुकलेल्या मुलात तिनं मला अनेकदा वाचवलंय. कोपराच्या खळगीतली शीर ठसठशीत दिसते म्हणून मोह होतो, पण बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर ती राखून ठेवा. दोन दिवसांनी पिक लाईन (हातापायाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली लांब, बारीक नळी) घालायची वेळ आली तर डॉक्टरांना तीच लागेल.

डोक्यावरच्या शिरा शेवटी. तिथे टोचण्याआधी बोट ठेवून ठोका लागतो का ते पाहा. लागला तर ती रोहिणी आहे, सोडून द्या. चुकून रोहिणीत सुई गेली तर रक्त लालभडक येतं, ठोक्याबरोबर उसळतं, आणि सलाईन सोडताच पुढचा भाग पांढराफटक पडतो. अशा वेळी औषध न देता सुई काढायची आणि पाच मिनिटं दाबून धरायचं. डोक्यावरचे केस काढावे लागणार असतील तर आई-आजीला आधी सांगा. आपल्याकडे जावळ हा संस्कार आहे. न विचारता वस्तरा फिरवला की त्या घराचा आपल्यावरचा विश्वास जातो, तोही आपल्याला त्याची सर्वांत जास्त गरज असताना.

सगळ्यांत अवघड कोण? अपुऱ्या दिवसांचं बाळ नव्हे. त्याच्या शिरा पातळ कातडीखाली निळ्या दिसतात. अवघड असतं ते आठ महिने ते दीड वर्षाचं गुटगुटीत मूल. हात पावासारखे फुगीर, शीर कुठेच नाही. तिथे डोळ्यांपेक्षा बोटाच्या टोकावर विश्वास ठेवा.

टोचणं

दुखणं कमी करणं हे कामाचाच भाग आहे. तान्ह्या बाळाला सुईच्या दोन मिनिटं आधी जिभेच्या टोकावर साखरेच्या पाण्याचे किंवा २५ टक्के ग्लुकोजचे काही थेंब द्या, दुपट्यात गुंडाळा, फक्त लागणारा हात बाहेर ठेवा. बाळ अंगावर पिण्याइतकं बरं असेल तर आईच्या छातीशीच टोचता येतं, त्यासारखं औषध नाही. मोठ्या मुलाला घाई नसेल तर बधिर करणारं क्रीम तासभर आधी लावा. आणि त्याला खोटं सांगू नका. "काही नाही, मुंगी चावेल" म्हणून फसवलेलं मूल दुसऱ्या दिवशी सिस्टरचा पांढरा कोट पाहूनच किंचाळतं. "टोचेल, दुखेल, मी तीन म्हणेपर्यंत आईचा हात धर," हे चार वर्षांच्या मुलालाही समजतं.

हात धुवा. बाळाच्या हाताला रबर आवळू नका. आपल्याच अंगठ्या-तर्जनीनं वरून हलकेच वेढून दाब द्या. कातडी जंतुनाशकानं पुसून किमान तीस सेकंद सुकू द्या. ओल्यावर टोचलं तर जंतूही मरत नाहीत आणि चुणचुणही जास्त होते. एक हजार ग्रॅमच्या आतल्या बाळाला स्पिरिटचं जंतुनाशक अगदी थोडं वापरा आणि पाठीखाली ओघळू देऊ नका. त्यांची कातडी रसायनानं भाजते. पुसल्यावर पुन्हा बोट लावून चाचपायचं नाही.

दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा. सुईचं तोंड वर, कोन १० ते १५ अंश, जवळजवळ कातडीला समांतर. अतिशय हळू जा. मोठ्यांच्या शिरेत शिरताना जाणवतो तसा "टप्" इथे जाणवत नाही, आणि रक्त मागे यायलाही क्षणभर वेळ लागतो. गार किंवा शॉकमधल्या बाळात तर आणखीच. घाई करणारा हात नेमका तेवढ्यात शिरेच्या पलीकडे गेलेला असतो. रक्त दिसलं की कोन आणखी कमी करा, मिलिमीटरभर पुढे जा, आणि सुई स्थिर धरून प्लास्टिकची नळी तेवढी पुढे सरकवा. बाहेर काढलेली सुई नळीत परत घालायची नाही. नळीचं टोक कापलं जाऊन शिरेत राहू शकतं.

अर्धा-एक मिली सलाईन सावकाश सोडा आणि टोकाच्या वरच्या भागावर बोट ठेवून फुगवटा येतो का पाहा. नाही आला, तर लाईन लागली.

पारदर्शक ड्रेसिंग लावा. पट्टी हाताभोवती पूर्ण वेढा घालून आवळू नका. बोटांची टोकं आणि सुईचं टोक हे दोन्ही उघडे दिसले पाहिजेत. फळीवर हात बांधताना मनगट थोडं मागे, बोटं किंचित वळलेली, झोपलेल्या बाळाची असतात तशी.

दोन प्रयत्न

एका व्यक्तीनं दोन प्रयत्न. मग हात मागे घ्यायचा आणि वरिष्ठांना बोलवायचं. हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला होता, आणि मोडायचा मोह मलाच सर्वांत जास्त व्हायचा. तिसऱ्या प्रयत्नाला आपण बाळासाठी टोचत नसतो, स्वतःसाठी टोचत असतो. "अगं, माझ्याकडून होत नाहीये, तू बघ" हे वाक्य ज्या वॉर्डात सहज बोललं जातं तिथली बाळं नशीबवान.

बाळ स्थिर असेल तर थांबा, ऊब द्या, अर्ध्या तासानं पुन्हा बघा. शॉकमध्ये असेल तर मात्र थांबायला वेळ नाही, आणि वरिष्ठ येईपर्यंत टोचत राहायलाही नाही. पुढचे दोन रस्ते त्यासाठीच आहेत.

नाळेची शीर

नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे निसर्गानंच एक मोठी उघडी शीर ठेवलेली असते. प्रसूतिगृहात बाळाला वाचवताना हाताची शीर शोधणं म्हणजे वेळ घालवणं. नाळेच्या बुडाशी सैल गाठ मारा, कातडीपासून १-२ सेंटीमीटर वर निर्जंतुक पात्यानं आडवी कापा. कापलेल्या तोंडावर तीन छिद्रं दिसतील. दोन लहान, जाड भिंतीची, वर आलेली, त्या रोहिण्या. एक मोठी, पातळ भिंतीची, ढिली, बहुधा घड्याळातल्या बाराच्या जागी, ती शीर. साडेतीन किंवा पाच नंबरची नळी आधी सलाईननं भरून घ्या आणि २ ते ४ सेंटीमीटर, रक्त मोकळं मागे येईल इतपतच आत घाला. त्यापुढे ढकललं तर टोक यकृतात जाऊ शकतं आणि तिथे गेलेलं औषध यकृत जाळतं. खास नळी नसेल तर छोट्या केंद्रांवर निर्जंतुक पाच नंबरची फीडिंग ट्यूब वापरतात, आणि अडीनडीला ती चालते.

नळीचं तोंड हवेला उघडं कधीच ठेवायचं नाही. रडणारं बाळ श्वास आत ओढतं तेव्हा हवाही आत ओढली जाते. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आधी बंद, मग जोडणी.

इथून ॲड्रिनलिन द्यायचं तर एक मिलीची १ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल ९ मिली सलाईनमध्ये मिसळून दहा मिली करायची, आणि त्यातलं किलोला ०.१ ते ०.३ मिली द्यायचं, बहुधा ०.२, मागून ३ मिली सलाईन. तीन किलोच्या बाळाला म्हणजे साधारण ०.६ मिली. रक्तस्राव झाला असेल तर सलाईन किलोला १० मिली, पाच-दहा मिनिटांत. हे आकडे रिससिटेशन ट्रॉलीवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. त्या क्षणी डोकं गणित करत नाही.

विभागात पुढे काही दिवस ठेवायची नळी ही वेगळी गोष्ट. ती पूर्ण निर्जंतुक पद्धतीनं घालायची, टोक पोटाच्या पडद्याच्या जरा वर आहे हे एक्स-रेवर पाहायचं, आणि आठवड्याच्या आत काढायची. नाळेच्या रोहिणीत नळी असेल तर दर तासाला दोन्ही पावलं आणि कुल्ले बघायचे. बोटं निळी किंवा पांढरी पडली तर त्याच मिनिटाला डॉक्टर. "थोडं बघू" म्हणायचं नाही.

हाडातून

मोठ्या मुलाला शीर मिळत नाही आणि मूल हातातून चाललंय, अशा वेळी हाडातली सुई. ठोके थांबलेले असतील तर शिरेचे प्रयत्न मोजत बसूच नये, थेट हाडाकडे वळावं. हाडाच्या पोकळीतला मगज रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो, आणि शॉकमध्ये हातापायांच्या शिरा मिटल्या तरी ही पोकळी मिटत नाही, कारण तिला हाडाची भिंत आहे. शिरेतून देता येणारं जवळजवळ सगळं इथून देता येतं.

ही कल्पना १९२२ पासून माहीत होती, पण प्लास्टिकच्या कॅन्युला आल्यावर मागे पडली. जेम्स ऑर्लोव्स्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी भारतात पटकीच्या साथीत ती वापरली जाताना पाहिली आणि १९८४ साली तिच्या बाजूनं लिहिलं. त्यानंतर ती जगभरच्या आपत्कालीन उपचारांत परत आली. आपल्याच देशातल्या साथीच्या तंबूंतून परतलेल्या या पद्धतीला आपल्याकडच्या लहान केंद्रांत अजून लोक घाबरतात, याचं मला वाईट वाटतं.

क्रम असा:

१. गुडघ्याखाली नडगीच्या हाडावरचा उंचवटा बोटानं शोधा. तिथून एक बोट खाली आणि आतल्या बाजूला सपाट जागा लागते. तीच.

२. त्या हाडाला फ्रॅक्चर असेल, त्यात एक-दोन दिवसांत आधी सुई घातलेली असेल किंवा वरच्या कातडीवर पू असेल तर दुसरा पाय.

३. गुडघ्याखाली कापडाची घडी ठेवा. आपला हात पायाखाली कधीही नाही. सुई आरपार आली तर आपल्याच तळव्यात घुसते.

४. जंतुनाशकानं पुसा. मूल शुद्धीवर असेल तर जागा बधिर करा.

५. सुई कातडीला काटकोनात धरून दाब देत पिळत आत घाला. एकदम प्रतिकार संपल्याची जाणीव होते. थांबा.

६. आतली सळई काढा. सुई आधाराशिवाय सरळ उभी राहिली पाहिजे. मगज ओढला जाईलच असं नाही. पण ५-१० मिली सलाईन सहज गेलं आणि पोटरी फुगली नाही, की जागा बरोबर.

द्रव नुसत्या बाटलीच्या उंचीवर नीट वाहत नाही. थ्री-वे लावून सिरिंजनं ढकलावं लागतं. पोटरी वारंवार दाबून बघा. खास सुई नसेल तर बाळाच्या मऊ हाडात १८ नंबरची साधी जाड सुईही जाते. शीर मिळाली की काढून टाका, २४ तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही.

काय आणि किती

दोन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण १७० मिली रक्त असतं, चहाच्या एका कपाइतकं. मोठ्यांच्या वॉर्डातला "थोडंसं जास्त गेलं" इथे चालत नाही. पाचशेची बाटली थेट बाळाला जोडायची नाही. मध्ये बुरेट (मापाच्या खुणा असलेलं छोटं भांडं), आणि बुरेटमध्ये एका वेळी एक-दोन तासांचंच. पंप असेल तर उत्तम. नसेल तर मायक्रोड्रिपचं (बारीक थेंब पाडणाऱ्या सेटचं) गणित सोपं आहे: ६० थेंबांचा एक मिली, म्हणून ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. दोन किलोच्या पहिल्या दिवसाच्या बाळाला किलोला ६० मिली म्हणजे दिवसाला १२०, ताशी ५, मिनिटाला ५ थेंब.

नवजात बाळाची साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी) किलोला २ मिली, आणि त्यामागे लगेच चालू सलाईन. नुसता बोलस (एका दमात दिलेला डोस) देऊन थांबलं तर साखर पुन्हा कोसळते. हातापायाच्या शिरेतून १२.५ टक्क्यांपेक्षा तीव्र डेक्स्ट्रोज नाही.

शॉकमध्ये द्रव देताना हात सैल सोडू नका. २०११ साली आफ्रिकेतल्या तीन देशांत तापानं आजारी, रक्ताभिसरण मंदावलेल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. भराभर बोलस दिलेल्या मुलांत शंभरात दहा-अकरा दगावली. न दिलेल्यांत सात. तिथे व्हेंटिलेटरसारख्या सोयी नव्हत्या, आणि आपल्या आजूबाजूच्या अनेक लहान ठिकाणीही नसतात. म्हणून किलोला १० मिली द्या, मग थांबून बघा: यकृत खाली आलं का, छातीत बुडबुडे ऐकू येतात का, श्वास वाढला का, हात गरम झाले का. मग पुढचं. जुलाबानं पार सुकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी, त्याला रिंगर लॅक्टेट किलोला १०० मिलीपर्यंत लागतं: वर्षाच्या आतल्याला पहिल्या तासात ३० आणि पुढच्या पाच तासांत ७०, मोठ्याला अर्ध्या तासात ३० आणि अडीच तासांत ७०. कुपोषित मूल आणि डेंग्यूचं मूल या दोघांना मात्र फार जपून, डॉक्टर शेजारी उभे असताना.

पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवू नका. दिसायला सारख्याच, एकीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, जे थेट ढकललं तर हृदय थांबतं. वेगळ्या कुलपात, लाल पट्टी लावून.

टोचल्यानंतर

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका बाळाच्या पावलावरची लाईन मोठ्या कष्टानं लागली होती. ती हलू नये म्हणून मी फळीवर पाऊल ठेवून वरून गॉझपट्टी व्यवस्थित गुंडाळली. बाळाला कॅल्शियम चालू होतं. पंप शांत चालत होता, बाळ झोपलेलं होतं, मी तासातासाला पंपाचा आकडा लिहीत होते. सकाळी पट्टी सोडली तेव्हा पाऊल सुजून टणक झालेलं आणि मधली कातडी पांढरी. दोन दिवसांत ती काळी पडली. जखम भरायला कित्येक आठवडे लागले. बाळाच्या आईनं मला एक शब्द विचारला नाही, रोज फक्त ते पाऊल हातात घेऊन बसायची.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला मी हे शिकवलं: पंपाचा अलार्म वाजत नाही याचा अर्थ लाईन ठीक आहे असा नाही. बाळाच्या मऊ मांसात द्रव बिनतक्रार शिरत राहतो, पंपाला पत्ता लागत नाही. दर तासाला पंप लिहिताना आधी जागा पाहा, बोट लावा, दुसऱ्या हाताशी किंवा पावलाशी ताडून बघा. सूज, पांढरेपणा, गारवा, टणकपणा, लाली, दाबल्यावर रडणं, ड्रेसिंगखाली ओल. चार्टवर "लाईन ओके" लिहू नका. "मऊ, सूज नाही, बोटं गुलाबी" असं लिहा. ते लिहायचं म्हटलं की बघावंच लागतं.

कोणतं औषध चालू आहे त्यावर धोका ठरतो. कॅल्शियम, पोटॅशियम, सोडाबायकार्ब, डोपामिन-ॲड्रिनलिनच्या जातीची सगळी औषधं, तीव्र डेक्स्ट्रोज, शिरेतून दिलं जाणारं पोषण, फेनिटोइन, व्हॅन्कोमायसिन, असायक्लोव्हिर ही मांस जाळतात. यांपैकी काही चालू असेल तर त्या लाईनवर नजर दुप्पट.

लाईन आउट झाल्याचं, म्हणजे औषध शिरेबाहेर मांसात जात असल्याचं, दिसलं तर पहिली गोष्ट: औषध बंद. दुसरी: सुई लगेच उपटू नका. छोटी सिरिंज लावून जेवढं परत ओढता येईल तेवढं ओढा. पट्ट्या सोडा, हात-पाय उंच ठेवा, डॉक्टरांना बोलवा. काही औषधांवर उतारा असतो, जसं रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधांसाठी फेंटोलामिन, आणि तो वेळेत दिला तर कातडी वाचते. मनानंच गरम शेक किंवा बर्फ नाही. सुजेची कड पेननं आखा, वेळ लिहा, फोटो काढून फाइलला जोडा. आणि आई-वडिलांना त्याच तासात सांगा. मी सांगितलं नव्हतं, मला सकाळपर्यंत दिसलंच नव्हतं. तुम्हाला दिसलं तर लपवू नका.

जंतुसंसर्गाचंही तसंच. प्रत्येक वेळी औषध देण्याआधी जोडणीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पंधरा सेकंद घासून पुसायचं आणि सुकू द्यायचं. हे पंधरा सेकंद रात्रपाळीत सर्वांत आधी चोरीला जातात.

पिक लाईन आणि सेंट्रल लाईन

पाच-सात दिवसांहून जास्त काळ लाईन लागणार असं पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दिसत असेल तर डॉक्टरांना पिक लाईनची आठवण करून द्या. सगळ्या शिरा संपल्यावर आठवण होऊन उपयोग नसतो. ती केसासारखी बारीक असते. फ्लशला (नळीतून सलाईन सोडून ती साफ करायला) दहा मिलीपेक्षा लहान सिरिंज लावू नका, लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फुटते. त्यातून रक्त चढवायचं किंवा काढायचंही नाही. मोठ्या मुलाची मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतली नळी, म्हणजे सेंट्रल लाईन, सोनोग्राफीच्या मदतीनं घालणं आता चांगल्या ठिकाणी रूढ झालंय. सिस्टरचं काम म्हणजे रोजच्या राउंडला मोठ्यानं विचारणं: "सर, ही लाईन आज लागणार आहे का?"

इंदूरला पाठवताना

देवास, महू, धार, झाबुआ इथल्या लहान केंद्रांतल्या मैत्रिणींना एक विनंती. निघण्याआधी लाईन चालते का ते सलाईननं तपासा, शक्य असेल तर दुसरी लावून ठेवा. बाळ आईच्या छातीला उघड्या अंगानं बांधून पाठवा, गाडीत त्यासारखी ऊब नाही. कागदावर वजन, दिलेला द्रव, शेवटची साखर आणि वेळ लिहा. किती ठिकाणी टोचलं तेही लिहा. त्यात कमीपणा नाही, आम्हाला कुठे शोधायचं नाही ते कळतं. आणि दोन-चार प्रयत्नांनंतर लाईन लागली नाही तर तासभर झगडत बसू नका. जिथे लागेल तिथे निघा, आणि निघताना फोन करा.

आई-बाबांसाठी

तुमच्या बाळाचा सुई लावलेला हात रोज बघा. तुम्हाला तो अधिकार आहे. सूज वाटली, हात गार किंवा वेगळ्या रंगाचा दिसला, बाळ तेवढाच हात हलवताना रडलं, तर लगेच सिस्टरला सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. काळा दोरा, कडं, दृष्टीची मणगटी सुई लावलेल्या हातापायातून काढू द्या. सूज आली तर तोच दोरा आवळतो. कापून टाकायची गरज नाही, वॉर्मरच्या कडेला बांधून ठेवता येतो, आम्ही नेहमी ठेवतो.

काढताना

औषधं तोंडावाटे सुरू झाली, बाळ दूध पचवायला लागलं, की "असू दे एक दिवस" म्हणून लाईन ठेवायची नाही. चिकटपट्टी ओढून काढू नका, कोमट पाण्यानं भिजवून कातडीच्या अंगानं सावकाश सोडवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पट्टीबरोबर निघते. नळी काढल्यावर कोरड्या गॉझनं दोन-तीन मिनिटं दाबून धरा. स्पिरिटचा बोळा नाही, त्यानं चुणचुणतं आणि रक्तही थांबत नाही. नळीचं टोक अखंड आहे का ते उजेडात धरून बघा, वेळ लिहा, आणि बाळ आईकडे द्या.